कोम्पाद्रेचा हात

टिबाने गव्हर्नरसाहेबांना मत द्यायचं नाही असं ठरवलं होतं, आणि का ते तिला सांगता येत नव्हतं. गावाला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. गावाला कुठे सगळं सांगायचं असतं? पण ज्याने रोज विचारून विचारून तिचं डोकं खाल्लं होतं, तो तिचा नवरा क्लेतो, आणि त्यालाच सांगण्याची सोय नव्हती.

क्लेतो कोळशाच्या इस्त्रीने एकच पांढरा शर्ट आठवडाभर इस्त्री करत होता. एकदा झाली की शर्ट खिळ्याला अडकवायचा, लांबून बघायचा, आणि कॉलरला कुठेतरी चुणी दिसली की पुन्हा उतरवायचा. उभा जन्म माडांवर चढून माडी काढण्यात गेलेला माणूस. आता गुडघे कामातून गेले होते, पण शर्टापुढे मात्र तासन्‌तास उभा राहायचा.

त्याला कारणही तसंच होतं. आमच्या प्रांताचे गव्हर्नर सालवेरा राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. आपल्या मातीतला माणूस मनिलाच्या राजवाड्यात जाणार म्हणून सगळं तालोतो गाव हवेत होतं. आणि प्रचाराची पहिली सभा आमच्याच गावात, चर्चमागच्या बास्केटबॉल कोर्टावर होणार होती.

गावच्या प्रमुख कपिताना देल्फा निरोप घेऊन आल्या तेव्हा टिबा मागल्या दारी केळीच्या पानात चिकट भात बांधत होती. सुमान म्हणतात त्याला. रविवारी चर्चबाहेर टिबाच्या सुमानला रांग लागायची.

"टिबाताई, नशीब काढलंत!" देल्फा बसायच्या आधीच सुरू झाल्या. "मोठमोठे सिनेटर बाजूला ठेवून साहेबांनी तुमची दोघांची नावं घेतली. एका बाजूने क्लेतोदादा, दुसऱ्या बाजूने तुम्ही. साहेबांचे हात धरायचे आणि उंच करायचे. मनिलाचे कॅमेरे येणारेत."

"माझा खांदा दुखतो," टिबा म्हणाली.

"दुसऱ्या हाताने धरा."

"तोही दुखतो."

"अहो, तुमच्या घरचे कोम्पाद्रे ते! तुम्हीच मागे सरलात तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, म्हातारीला ऊन सोसत नाही."

"वर पत्रे आहेत कोर्टाला," देल्फा म्हणाल्या.

आमच्याकडे उमेदवाराचा हात स्टेजवर कुणी धरून उंचावला, की त्या माणसाने आपलं घरदार, आपली अब्रू त्याच्यामागे उभी केली असं समजतात. म्हणून तर उमेदवार पाद्र्यांच्या, पुढाऱ्यांच्या, नटनट्यांच्या मागे लागतात. सालवेरांना मात्र या वेळी गरीब माणसाचा हात हवा होता. आणि टिबा-क्लेतोइतकी सोयीची माणसं त्यांना सगळ्या प्रांतात मिळाली नसती.

कारण सालवेरा त्यांच्या मुलाचे, रोमेलचे निनोंग होते. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनीच त्याला हातावर घेतलं होतं. पोराला वजनदार धर्मपिता मिळावा म्हणून गरिबाने पुढाऱ्याच्या दारात जायचं, आणि पुढाऱ्यानेही नाही म्हणायचं नाही, अशी इथली रीत. नाही म्हटलं तर पोराला अपशकुन होतो. त्या दिवसापासून पोराचा बाप पुढाऱ्याचा कोम्पाद्रे, आई कोमाद्रे, आणि पुढारी त्या दोघांचा कोम्पाद्रे होतो, म्हणजे रक्ताच्या नात्याहून एक बोट जवळ. टिबाला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता!

रोमेल लहानपणी माडांखाली उभा राहून मोजायचा. बाप कितव्या माडावर आहे आणि घरी जायला किती उरले, हे त्याला बरोबर ठाऊक असायचं. "अजून चार, ताताय!" असं खालून बापाला ओरडून सांगायचा. माडी काढणाऱ्याचा पोरगा, पण माडीच्या नुसत्या वासाने ओकायचा. क्लेतो त्याला चिडवायचा, "अरे, तू पाद्री होणार की काय?" पोरगा पाद्री झाला नाही, मोठा झाल्यावर निनोंगच्या गाडीवर ड्रायव्हर झाला.

पुढे एका रविवारी दुपारी गव्हर्नरसाहेब कोंबड्यांची झुंज बघून, पिऊन निघाले. मीच चालवणार म्हणून हट्टाने गाडीवर बसले, आणि रस्त्याकडेने चाललेल्या एका शाळामास्तरणीला त्यांनी उडवलं. बाई जागच्या जागी गेली. रोमेल शेजारच्या सीटवर होता.

दुसऱ्या सकाळी साहेब स्वतः टिबाच्या घरी आले. शिपाई नाही, वकील नाही, एकटे. क्लेतोच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाले, "कोम्पाद्रे, निवडणूक तोंडावर आहे. गाडी रोमेल चालवत होता एवढंच सांगायचं. सहा महिन्यांत बाहेर काढतो. मी त्याला हातावर घेतलाय, विसरलो नाही."

टिबा "नको" म्हणाली होती. एकदा हळू, एकदा मोठ्याने. पण घरी आलेल्या कोम्पाद्रेपुढे बाईच्या "नको"ला कोण विचारतो? रोमेल बापाकडे बघत होता. क्लेतो म्हणाला, "सहा महिने तर आहेत, पोरा. सहा महिने काय, असे निघून जातात."

साहेब निवडून आले. सहा महिने गेले, वर्ष गेलं, तिसरं लागलं. तुरुंगातल्या कोंदट खोलीत माणसं एकमेकांच्या अंगावर झोपायची. तिथे रोमेलच्या छातीत क्षयाने घर केलं, आणि तो घरी आला तो शवपेटीतून. पेटी साहेबांनी पाठवलेली, घरासारखी भारी. फुलांच्या चक्रावरच्या फितीवर साहेबांचं नाव रोमेलच्या नावापेक्षा मोठं होतं.

इथवरचं दोघांनाही ठाऊक होतं. तरी क्लेतो शर्टाला इस्त्री करत होता. लोकांना वाटायचं, म्हातारा लाचार आहे किंवा त्याला गिळायला काहीतरी मिळत असणार. टिबाला ठाऊक होतं, तसं नव्हतं.

सभेच्या आदल्या दिवशी ते सगळं बाहेर आलं.

"तू येणारेस," क्लेतो म्हणाला.

"मी नाही येणार."

"एक कारण सांग. एकच, धड कारण. खांदा नको, ऊन नको."

"त्याने आपला पोरगा खाल्ला, हे कारण पुरत नाही तुला?"

"नाही पुरत!" क्लेतोने इस्त्री आपटली. "तो मोठा झाला, देशाचा राजा झाला, तर पोराचं काहीतरी कारणी लागलं असं होईल. आपण एका राष्ट्राध्यक्षासाठी दिला म्हणता येईल. आणि पडला तर? तो नुसताच एक दारुडा गव्हर्नर राहिला, तर मी कशासाठी सांगितलं पोराला जा म्हणून? सांग ना! कशासाठी?"

टिबाच्या तोंडापर्यंत आलं होतं. तिने हातातल्या सुमानचं पान दातात धरलं आणि दोरा आवळला.

तुरुंगातल्या शेवटच्या भेटीतलं ते होतं. क्लेतो त्या तीन वर्षांत एकदाही भेटीला गेला नव्हता. कधी माड सोडून येता येत नाही म्हणायचा, कधी गुडघा पुढे करायचा. खरं तर त्याला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. त्या दिवशी रोमेलने तिने नेलेला सुमान नुसताच हातात धरला होता, खाववत नव्हतं. मध्येच हसून म्हणाला, "नानाय, तातायचे सहा महिने अजून संपले नाहीत का गं?" मग खोकला. खोकला थांबल्यावर तिचा हात घट्ट धरून म्हणाला, "मी असं विचारलं हे त्यांना कधी सांगू नकोस हां. कधीच नको. जीव देतील ते."

ते तिचं कारण होतं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत लोक मत द्यायची नाना कारणं सांगतात, रस्ते सांगतात, तांदळाचा भाव सांगतात. टिबाचं कारण एवढंच होतं, आणि ते सांगायला तिच्या पोरानेच तिला बंदी केली होती. पोर गेलं, बंदी राहिली. एकाच छपराखाली झोपून, एकाच भांड्यातला भात खाऊन ती गोष्ट पोटात ठेवायची म्हणजे काय असतं, ते तिलाच माहीत.

"बरं, येते," ती म्हणाली. "पण मागे उभी राहीन."

कोर्टावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. बँड होता, नाचणाऱ्या पोरी होत्या, पत्र्याखाली सगळं भट्टीगत तापलं होतं. क्लेतो पांढऱ्या शर्टात स्टेजवर ताठ उभा होता. लग्नातही तो इतका ताठ उभा राहिला नव्हता. टिबा त्याच्यामागे.

साहेब स्टेजवर आले ते थेट तिच्याकडे. "कोमाद्रे!" म्हणाले, आणि वाकून तिच्या हाताला हात घातला. वडीलधाऱ्याचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घ्यायचा, ही आमची रोजची रीत, पोरंसोरंही करतात. पण वयाने फार तर चार वर्षांनी लहान असलेल्या, देशाच्या भावी राष्ट्राध्यक्षाने सुमान विकणाऱ्या बाईपुढे कपाळ वाकवायचं, हे कॅमेऱ्यांसाठी होतं. कॅमेरे पुढे सरसावले.

टिबाने हात पाठीमागे घेतला.

साहेब वाकलेले तसेच क्षणभर राहिले. मग हसत हसत, जणू वाकले होते ते माइकची तार बाजूला करायला, सरळ झाले आणि क्लेतोकडे वळले. पुढाऱ्याची जात, त्याला पडतानाही बसल्यासारखं करता येतं. क्लेतोने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून उंचावला. कोर्ट दणाणलं.

साहेबांनी दुसऱ्या हातात माइक घेतला.

"हा माझा कोम्पाद्रे," ते म्हणाले. "ही माणसं मला टाळतील तर त्यांचं चुकत नाही, दुःखच तेवढं मोठं आहे. यांचा रोमेल, माझा धर्मपुत्र. दारू पिऊन गाडी चालवली त्याने. एका निष्पाप शिक्षिकेचा जीव घेतला. सगळ्या जगाने त्याला टाकलं. मी टाकलं नाही! तुरुंगात त्याला अंतर दिलं नाही. मेल्यावर पेटीसुद्धा मी दिली. चुकलेल्या लेकराला जो पोटाशी धरू शकतो, त्याच्याच हाती आपला देश द्या!"

बायका पदर नसला तरी बाहीने डोळे पुसायला लागल्या. देल्फा हुंदके देत होत्या.

टिबा क्लेतोकडे बघत होती. दारू पिऊन, हे ऐकलं तेव्हा त्याची मान एकदम वळली, कुणी मागून हाक मारावी तशी. त्याने हात खाली ओढला. हात आला नाही. साहेबांनी तो मनगटात धरून ठेवला होता, कॅमेऱ्यांकडे हसत. क्लेतोने पुन्हा ओढला. माडांवर चढून लोखंड झालेला त्याचा हात, पण वय झालं होतं, आणि साहेबांची पकड घट्ट होती. त्याचं तोंड उघडलं, ओठ हलले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. बँड वाजत होता. तो काय म्हणाला ते टिबाखेरीज कुणाला कळलं नाही.

"वास सहन होत नव्हता त्याला," तो म्हणत होता. "वाससुद्धा सहन होत नव्हता."

तो फोटो देशभर गेला. हात उंचावलेला गरीब म्हातारा, डोळ्यांत कृतज्ञतेचे अश्रू, शेजारी साहेब. प्रचाराचं मुख्य चित्रच झालं ते. फ्लेक्सवर छापून विजेच्या खांबांना, माडांना, पुलांना टांगलं. साहेब दणक्यात निवडून आले. त्यांना क्लेतोचं मत मिळालं की नाही ते टिबाने विचारलं नाही. मतदानाच्या दिवशी दोघांच्याही बोटांना शाई होती, एवढंच.

निवडणूक झाली की आमच्याकडे फ्लेक्स कुणी फेकत नाही. चांगला जाड कपडा असतो. कुणी तो गळक्या छपरावर घालतं, कुणी डुकरांच्या खुराड्यावर, तर कुणी त्यावर मासळी वाळत घालतं. महिन्याभरात तालोतोत जिकडे बघावं तिकडे क्लेतो रडत उभा होता. शेजारच्या न्हाणीच्या आडोशाला तो होता. देल्फाच्या अंगणात त्याच्या तोंडावर बोंबील वाळत होते. टिंगल कुणी केली नाही, उलट लोक कौतुकानेच म्हणायचे, "दादा, तुम्ही फेमस झालात!" क्लेतो आधी मागच्या वाटेने जायला लागला, नंतर त्याने बाहेर जाणंच सोडलं. शर्ट खिळ्याला तसाच राहिला.

एका सकाळी टिबा पानात भात बांधत होती. क्लेतो उंबऱ्यात बसला होता, पाठ तिच्याकडे.

"टिबा," तो म्हणाला. "तू जायचीस ना तुरुंगात. तो माझ्याबद्दल काही बोलायचा?"

"तुझा गुडघा कसा आहे विचारायचा."

"आणि ते सहा महिने? मी त्याला सहा महिने म्हणालो होतो. त्याबद्दल कधी काही विचारलं त्याने?"

टिबाने पानाची घडी घातली, दोरा फिरवला, गाठ मारली.

"नाही," ती म्हणाली.

"एकदाही?"

"एकदाही नाही."

 क्लेतो बाहेर माडांच्या रांगेकडे बघत राहिला. ते माड आता दुसरा कुणीतरी चढायचा.

"त्याला मोजता यायचं, टिबा," तो म्हणाला.