खडखडाट नसलेली गाडी

लेकीने विजेच्या गाडीचं सगळं गणित मांडलं. चार्जिंग घरीच होणार, पेट्रोलचा खर्च वाचणार. तिचा म्हातारा मेकॅनिक बाप फणकारला, "ना धूर, ना खडखड! ही गाडी की कपाट?" त्याची जुनी गाडी कोपऱ्यावर खडखडली की बायको चहाचं आधण ठेवायची, तीस वर्षांचा नेम होता.

तरी लेकीच्या हट्टापायी त्याने शोरूमची गाडी चालवून पाहिली आणि थेट घराच्या दारात आणली. आत कुणाला पत्ताच नाही. स्वयंपाकघरातून गाणं येत होतं. नवी नवरी असताना बायको गायची, तेच. त्याला वाटलं होतं, ती केव्हाच विसरली. म्हणजे खडखडाट ऐकून ती रोज गाणं थांबवायची!

"बाबा, उतरायचं ना?"

"हीच घेऊ," तो कुजबुजला. "पण गप्प बस, कडवं संपू दे."