मास्तरांनी घाईत लावलेला अर्थ

शाळेतून निवृत्त झाल्यावर मास्तर इस्पितळाची इंग्रजी कागदपत्रं भाषांतरित करून द्यायचे. त्यांची पुतणी तिथेच नर्स होती. एका संध्याकाळी ती हिरमुसली होऊन आली.

"काका, आमच्या वॉर्डात आयाचं काम करणाऱ्या आक्काची उद्या चौकशी आहे. तिनं म्हाताऱ्या पेशंटशी मारामारी केली म्हणे! अठरा वर्षांत कुणाला अरेतुरे केलं नाही बाईनं. परवापासून तिला वॉर्डात येऊ देत नाहीत, गाठही पडली नाही."

"असं म्हणतं कोण?"

"डॉक्टरांच्या अहवालात आहे. ते लिहून रजेवर गेले."

तो अहवाल मास्तरांच्याच हातून मराठीत आला होता. त्यांनी कपाटातून त्याची प्रत काढली. दोन ओळींच्या त्या अहवालात डॉक्टरांचा शब्द होता 'ग्रॅपल्ड'. पुढे पेशंटच्या दंडावरच्या ओरखड्यांचा उल्लेख होता, म्हणून मास्तरांनी पुढचा-मागचा विचार न करता 'मारामारी केली' असं ठोकून दिलं होतं.

त्यांनी जाडजूड शब्दकोश मांडीवर घेतला. "हे बघ. मुळात हा आकड्याचा शब्द. जुन्या फ्रेंचमधून आलेला. लढाईत शत्रूचं जहाज जवळ ओढायला लोखंडी आकडा टाकायचे, त्यावरून ग्रॅपल. घट्ट धरणं, धरून झटापट करणं. मारणं यात येतच नाही. एखाद्या अवघड प्रश्नाशी माणूस झगडतो, तिथंही हाच शब्द."

"म्हणजे आपलं झोंबणं?"

"अगदी! मी मात्र त्या बाईला गुंड करून टाकलं."

"मग आता?"

"आता काय, जाऊन सांगायचं. चाळीस वर्षं पोरांच्या चुकांवर लाल रेघा मारल्या, एक आपल्या नावावर."

सकाळी चौकशीच्या खोलीत तीन साहेब होते आणि भिंतीला टेकून आक्का उभी होती. मास्तरांनी चूक कबूल करून शब्दाचा अर्थ सांगितला. मोठे साहेब वैतागले.

"मास्तर, धरलं काय नि मारलं काय, झटापट झालीच ना?"

"झाली. पण कशासाठी, ते हा शब्द सांगत नाही. ज्यांनी लिहिलाय त्यांनाच विचारा की."

साहेबांनी फोन लावून स्पीकरवर टाकला. डॉक्टर पलीकडून उडालेच. "मारामारी? अहो, आजोबांना तापात भ्रम झाला होता. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून अर्धे बाहेर गेले होते ते! हिनं कमरेला मिठी मारून आत ओढलं, म्हणून वाचले. ओरखडे खिडकीच्या चौकटीला घासून आलेत."



"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" साहेबांनी आक्काला विचारलं.

"सांगितलं होतं साहेब. तुम्ही म्हणालात, कागदावर तसं नाही."

साहेबांनी मान खाली घातली आणि फाइलवर 'आरोप रद्द' असं लिहून सही केली.

बाहेर आल्यावर मास्तर हात जोडून उभे राहिले. "आक्का, माझ्यामुळे फार मनस्ताप झाला तुम्हाला."

आक्काने त्यांच्याकडे बघितलं. रागवायचं तिच्या मनात होतं, पण अंगातली सगळी ताठरता एकदम उतरली होती. "तीन दिवस घास उतरला नाही मास्तर," एवढंच ती म्हणाली आणि बाकावर बसली. पुतणी चहा घेऊन आली, तोवर भिंतीला डोकं टेकून आक्का चक्क घोरत होती. मास्तरांनी बोटानेच पुतणीला गप्प राहायला सांगितलं आणि कप आपल्या हातात घेतला.