पापी हात काळे पडतात

उजाडायच्या आत लोक दाराशी येऊन थांबायचे. मी आमच्या ख्रिस्ती मंडळीचा दारवान. अडसर काढला रे काढला, की एकमेकांच्या टाचा तुडवत सगळे आत घुसायचे. पूर्वी रविवारी पन्नास डोकी जमली तरी आम्ही धन्य मानत होतो. होनोरात गावात आल्यापासून अंगणात तीळ ठेवायला जागा उरली नव्हती. प्रार्थनेला किती येत आणि तमाशाला किती, ते मला दारातून चांगलं दिसत होतं.

चमत्कारच तसा होता. प्रार्थनेआधी हात धुवायचे आणि मग दोन्ही तळवे उघडे करून वर उचलायचे, ही आमची जुनी रीत. आता धुतलेले हात होनोरात स्वतः पुसायचा, आणि पुसता पुसता एखाद्याचे तळवे सर्वांदेखत काळेठिक्कर पडायचे. सम्राटाच्या हुकमाला भिऊन ज्यांनी मूर्तीपुढं धूप जाळला, त्यांचेच हात म्हणे काळे पडत.

तो हुकूम निघाला त्या वर्षी आमच्यातले निम्मे लोक चौकातल्या वेदीवर धुपाची चिमूट टाकून दाखला घेऊन आले होते. काही तुरुंगात गेले. काही डोंगरात पळाले. आमचे बिशप त्यांतलेच, आणि ते अजून परतले नव्हते. छळ थांबला आणि मग घराघरांत भांडण पेटलं. शरण गेलेल्यांना परत घ्यायचं का? माफी कुणी द्यायची? तुरुंग भोगून आलेल्याला आम्ही 'साक्षी' म्हणायचो. साक्षीच्या तोंडून पवित्र आत्मा बोलतो, माफीचा अधिकार त्यालाच, असं मानणारे आमच्यात ढीगभर. तिथंच आमचं चुकलं. मनगटावर बेडीचे वळ घेऊन होनोरातसारखा परका माणूस आला, आणि आम्ही सगळा न्यायनिवाडा त्याच्या पदरात टाकून मोकळे झालो.

"बंधूंनो, भगिनींनो!" होनोरात गळा काढायचा. "मी कोण? मी धूळ! मी किडा! पण तुरुंगात या किड्याला देवदूत रोज भेटायचा. एकदा तर दोन वेळा आला!" मग कमरेची थैली सोडून हात धुण्याच्या रांजणात पूड टाकायचा. "ही हुतात्म्यांची राख! मी काही सांगणार नाही. पाणीच सांगेल!"

पाणी सांगायचंही. ज्याचे हात काळे पडत त्याला हा मागच्या खोलीत नेई, 'क्रुसावर प्रभूला दिलेली आंबट दारू' म्हणून काहीतरी तळव्यांवर घाशी, आणि हात पुन्हा स्वच्छ होत. आत जाताना लोक तेलाचा बुधला घेऊन जात, बाहेर येताना रिकामे येत.

तेलघाणीचे सातुरकाका मात्र हात काळे पडूनही आत गेले नाहीत. सत्तरीचा माणूस. "मी धूप जाळलाच नाही, तर माफी कसली मागू?" एवढंच म्हणाले. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. तसा होनोरातचा हुकूमच होता. तीन दिवस ते पायरीवर बसून होते. कुणी त्यांच्याशी बोललं नाही. चौथ्या दिवशी त्यांचं प्रेत बंदरात तरंगताना कोळ्यांना सापडलं.

"समुद्रालाही हे पाप पचलं नाही," होनोरात म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. ते आठवलं की आजही माझी मला किळस येते.

मग अरिशतची पाळी आली. अरिशत आमची सुईण. तिचा नवरा तुरुंगातच वारला होता, आणि होनोरात त्याच तुरुंगात होतो असं सांगायचा. बिचारीनं भर सभेत विचारलं, "बंधू, शेवटच्या दिवशी तुम्ही जवळ होतात ना? कसा गेला हो माझा माणूस?"

"काय सांगू, ताई! मोठमोठ्यानं स्तोत्र गात गेला! तुरुंगाच्या भिंती हादरल्या!"

अरिशत त्याच्याकडे बघतच राहिली. "बंधू, माझा नवरा जन्माचा मुका होता."

मला वाटलं, आता फुटलं याचं बिंग. पण कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं, "धन्य! तुरुंगात मुक्याला वाचा फुटली!" आणि सगळे रडत गुडघ्यांवर बसले. होनोरातही बसला, डोळे पुसत.

पुढच्या रविवारी अरिशतचे हात काळे पडले.

"हिनं साक्षीवर संशय घेतला!" होनोरात गरजला. "याच हातांनी हिनं धूप जाळला, आणि हेच हात तुमची लेकरं जगात आणतात! आंबट दारूनं हे पाप धुतलं जायचं नाही. सडलेली फांदी छाटावीच लागते. येत्या रविवारी हिचा उजवा हात मनगटापासून उतरवा, तरच हिचा आत्मा वाचेल."

क्विंतुसना आम्ही सगळे 'वडील' म्हणायचो; बिशपांच्या मागं मंडळीचे तेच प्रमुख. ते खाली बघून पुटपुटले, "साक्षी बोलला. आपण कोण?"

"छाटणीचा कोयता मी आणतो," एकजण म्हणाला. त्याची दोन्ही मुलं अरिशतच्याच हातून जन्मली होती.

तो आठवडा भयंकर गेला. कुणाच्या तरी परसात कोयत्याला धार लावल्याचा आवाज यायचा आणि पुरुष तिथं गोळा होऊन हलक्या आवाजात बोलायचे. मी अरिशतकडे गेलो. "पळून जा, बाई."

"पळाले तर खरं ठरेल, इयादेरदादा," ती म्हणाली. "आणि हाताला इतकं काळं लागलेली बाई कुठल्या गावात राहू?" तिनं हात मांडीवर पालथे ठेवले.

तिथून निघालो तो चर्मकार नाम्फामोच्या दुकानापाशी थांबलो. नाम्फामोचा अजून बाप्तिस्मा झालेला नव्हता. अशांना प्रार्थनेआधीच बाहेर काढतात, म्हणून त्यानं हा चमत्कार पाहिलाच नव्हता. त्याची बोटं कायमची काळी. मी चिडून म्हणालो, "तू रे? तू रोज धूप जाळतोस वाटतं?"

"मी चपला काळ्या करतो," तो म्हणाला. "पाण्यात काय टाकतो तुमचा साक्षी?"

"राख."

"राखेच्या पाण्यानं हात बुळबुळीत होतात. तुझे होतात?"

मी आठवून पाहिलं. "नाही. उलट आवळल्यासारखे होतात. आणि पाणी तुरट. एकदा ओठाला लागलं होतं."

नाम्फामोनं हातातलं काम खाली ठेवलं. "तुरट? हात कशानं पुसतो?"

"फडक्यानं. दोन आहेत. एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या."

उठून त्यानं एक पिवळट चामड्याचा तुकडा घेतला. "हे मायफळाच्या, त्या तुरट फळाच्या पाण्यात कमावलंय." मग एका वाडग्यात चिंधी बुडवली. "हे हिराकशीचं पाणी, लोखंडाचं मीठच म्हण." चिंधी चामड्यावरून फिरवली. बघता बघता चामडं काळं झालं. अगदी तेच, निळसर काळं.

"आणि काढायचं कसं?" मी विचारलं.

"ताजं असेल तर आंबलेल्या दारूनं घासायचं."

रविवारी मी नाम्फामोला आत घेतलं. नियम मोडला. सगळे आल्यावर मी अडसर घातला आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो. मध्ये कोयता ठेवला होता. शेजारी ओंडका.

होनोरातनं रांजणात पूड टाकली आणि अरिशतला पुढं बोलावलं. तेवढ्यात नाम्फामो गर्दीतून वाट काढत आला, कच्च्या कातड्याचा पट्टा रांजणात बुडवून त्यानं होनोरातच्या डाव्या खांद्यावरचं फडकं ओढलं आणि पट्टा खसाखसा पुसला.

पट्टा काळा पडला.

"वडील," नाम्फामो क्विंतुसना म्हणाला, "हा बोकड होता. यानं कुठल्या वेदीवर धूप जाळला?"

कुणीतरी फिसकन हसलं. नाम्फामोनं दुसरा पट्टा बुडवून उजव्या फडक्यानं पुसला. तो पिवळाच राहिला. "त्या पुडीत मायफळ आहे. डावं फडकं हिराकशीच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं आहे. ज्याला बुडवायचं त्याला डावं, ज्याला तारायचं त्याला उजवं. हा धंदा मी वीस वर्षं करतोय. फक्त चपलांवर."

"सैतान! सैतान आत शिरलाय!" होनोरात दाराकडे धावला. मी हललो नाही.

मग जे झालं त्याचीच मला जास्त भीती वाटली. लोकांनी होनोरातला धरलं, त्याचे हात रांजणात कोंबले, डाव्या फडक्यानं पुसले. हात काळे पडताच एकच गिल्ला झाला: "बघा! पापी हाच! हात काळे पडले! तोडा!" तेवढ्यात कुणी त्याचं मनगट ओंडक्यावर दाबलंही, आणि कोयतेवाल्यानं कोयता उचलला.

अरिशत मध्ये घुसली. तिनं ओंडक्यावर स्वतःचा हात ठेवला.

"मेल्यांनो, आत्ता काय बघितलंत?" ती किंचाळली. "हिराकस आहे ती! तिला पाप कळत नाही की पुण्य! माझे हात काळे पडले म्हणून मी पापी नव्हते. याचेही काळे पडले म्हणून हा पापी नाही. हा पापी आहे तो खोटं बोलला म्हणून, सातुरकाकांना मरणाच्या दारी लोटलं म्हणून. त्याचा निवाडा करा, चारचौघांत विचारा, जाब घ्या. पण तळव्याचा रंग बघून कुणाचा हात तोडणार असाल, तर आधी माझा तोडा!"

कोयतेवाला तिच्या हाताकडे बघत राहिला. मग कोयता टाकून भिंतीशी जाऊन बसला. क्विंतुसांनी स्वतःचे हात धुतले, डाव्या फडक्यानं पुसले आणि काळे तळवे सगळ्यांसमोर धरले. मग एकेक जण पुढं आला. त्या सकाळी आम्ही सगळे काळ्या हातांनी प्रार्थनेला उभे राहिलो.

होनोरातला आम्ही शहरात नेऊन सगळ्या गावांच्या मंडळ्यांपुढं जाब द्यायला उभं केलं. बेडीचे वळ खरे निघाले, चोरीच्या शिक्षेचे.

मी आजही दारवान आहे आणि देवाला मानतो. पण नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगतो. देवाच्या नावानं कुणी तुमच्या हातावर पाणी घातलं, तर विचारा, यात काय आहे. चाखून बघा, वास घ्या, ज्याला त्यातलं कळतं त्याला दाखवा, तो चांभार असला तरी. साक्षी असो की बिशप, उत्तर द्यायला तो बांधलेला आहे. विचारल्यानं देव रागावत नाही. न विचारल्यानं माणसं मात्र मरतात.