कादरभाईंच्या भट्टीसमोर रशीदाभाभी

मी भट्टी बोलतेय. बुधवार पेठेत, मोबाइलच्या दुकानांमागच्या बोळात कादरभाईंची बेकरी आहे. तिथेच मी असते. खरं सांगायचं तर बेकरी म्हणजे मीच; बाकी एक काउंटर आणि चार फळ्या.

कादरभाईंच्या वडिलांनी मला विटामातीनं बांधून घेतलं. माझ्या पोटात लाकडं पेटवायची, निखारे बाहेर ओढायचे, तळ ओल्या फडक्यानं पुसायचा आणि उरलेल्या धगीवर भाजायचं, अशी माझी रीत. पाव आणि खारी रोजचीच. पण दिवाळी जवळ आली की बायका घरून नानकटाईचं पीठ मळून डब्यातून आणायच्या. वेलचीचा वास पार मंडईपर्यंत जायचा, असं त्याच म्हणायच्या. मी कुठे बघायला गेलेय!

मग घरोघरी विजेचे ओव्हन आले. पेठेत गाडी लावायला जागा नाही, अशी लोकांची तक्रार. त्यात खोटं काही नव्हतं. डबे कमी होत गेले. शेजारच्या मोबाइलवाल्याला ही जागा हवी होती, म्हणजे आधी मला पाडायला हवं होतं. कादरभाई त्याला हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते.

गेल्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर कादरभाई स्कूटरवरून घसरले. उजवा खांदा मोडला. कारागीर आधीच काम सोडून गेला होता. भाजायचे पत्रे आत-बाहेर करायची लांब दांड्याची फळी भिंतीला टेकून राहिली. कादरभाई म्हणाले, दिवाळी झाली की जागा देऊन टाकू.

त्यावर त्यांच्या पत्नीनं, रशीदाभाभींनी, फळी उचलली. आमच्या घरात बायका पीठ मळायच्या, पुडे बांधायच्या. पण माझ्या तोंडाशी त्यांतली कुणी कधी उभी राहिली नव्हती.

"भट्टी म्हणजे गॅसची शेगडी नाही," कादरभाई म्हणाले.

"ठाऊक आहे. शेगडी लग्न झाल्यापासून मीच सांभाळतेय," भाभी म्हणाल्या आणि त्यांनी मला पेटवलं.

पहिला डबा आला कर्वेनगरच्या मथुराबाईंचा. त्यांचं घराणं मूळचं तिथलंच, शेती करणारं. आता शेतात इमारती उभ्या आहेत, पण नानकटाई त्या माझ्याकडूनच भाजून नेतात. त्यांची लेक उत्कर्षा सोबत होती. तिचा पहिला दिवाळसण, दुसऱ्या दिवशी जावई यायचा होता.

भाभींना घाई झाली. निखारे ओढले, पण धग उतरू दिली नाही. माझं बोलणं त्यांना ऐकू जात असतं तर 'थांब गं बाई' म्हटलं असतं. पत्रा बाहेर आला तो कोळशासारखा काळा. रांगेतल्या दोघी आपले डबे उचलून निघून गेल्या. भाभींनी फळी पुन्हा भिंतीला टेकवली. कादरभाई स्टुलावर मान खाली घालून बसले. मला वाटलं, संपलं. उद्या पहार येणार.

मथुराबाईंनी मात्र रिकामा डबा पुढे सरकवला.

"भाभी, माजी पयली भाकर कुत्र्यानंबी खाल्ली न्हवती. मैदा हाय ना? मळू पुन्यांदा."

दोघी पीठ मळायला बसल्या. भाभींनी या वेळी घाई केली नाही. धग जोखायला चिमूटभर मैदा आत टाकायच्या, तो लगेच काळा पडला की पुन्हा थांबायच्या. बाहेर बायका खोळंबल्या होत्या. उत्कर्षानं आकाशकंदिलासाठी घेतलेल्या बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद पिशवीतून काढले आणि पायरीवरच बैठक मारली. बघता बघता बाकीच्याही तिच्याभोवती जमल्या. मैद्याची खळ झाली, कुणी कागद कापले, कुणी शेपट्या चिकटवल्या. एकीनं वाकडा कंदील बांधला आणि तो तसाच असतो म्हणून ठासून सांगितलं.

आता टाकलेला मैदा हळूहळू बदामी होऊ लागला. तेव्हा भाभींनी पत्रा आत सारला. मी सगळी धग जपून, चारी बाजूंनी सारखी दिली. मला एवढंच करता येतं, पण ते मला येतं.

पत्रा बाहेर आला. नानकटाया फुललेल्या, वरून नाजूक चिरलेल्या, कडेला बदामी. भाभींनी पहिली कादरभाईंच्या डाव्या हातावर ठेवली. त्यांनी ती खाल्ली. बोटांवरचा चुराही चाटला. मग म्हणाले, "साखर जरा जास्त झालीय, पण भाजणी माझ्यापेक्षा बरी आहे."

पुण्यात याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

अंधार पडला तेव्हा उत्कर्षानं एक कंदील माझ्या तोंडावरच्या खिळ्याला लावला आणि उरलेले बोळात टांगले. आमचा काळवंडलेला बोळ लाल-पिवळ्या उजेडानं भरून गेला. मघाशी निघून गेलेल्या दोघी डबे घेऊन परत आल्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही. फक्त रांगेत शेवटी उभं केलं. मोबाइलवाला दुकानाबाहेर येऊन वास घेत होता. कादरभाईंनी त्याला नानकटाई दिली, आणि जागा मिळणार नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

खांदा बरा झाला, पण कादरभाई पुन्हा फळीकडे गेले नाहीत. ते काउंटर बघतात, माझ्यासमोर भाभी उभ्या असतात. रमजान ईदलाही रांग लागली होती. यंदा दिवाळीच्या आधी कादरभाईंनी पाटी रंगवली : 'पीठ घरून आणावे. घाई आणू नये. कंदिलाचे सामान असल्यास स्वागत.' आज रांग बोळ ओलांडून रस्त्यावर गेली आहे. माझ्या विटांना काही भेगा आहेत, घुमट काळा झाला आहे. पण अशी मी आयुष्यात कधी पेटले नव्हते.

तेव्हा घरचा ओव्हन खुशाल असू द्या. वर्षातून एकदा डबा घेऊन इकडे या. गाडी लांब कुठेतरी लावा आणि चालत या. मी तापलेलीच आहे.