मागच्या कोपऱ्यातले चार कागद

तीन नंबरच्या प्रेसचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला मला तीन तास लागायचे, आणि त्या तीन तासांत जपानातल्या करियाच्या आमच्या मोटार कारखान्यात माझ्या शब्दाबाहेर कोणी नसायचं. साडेतीन टनांचा डाय बसला की मी पातळी जुळवायला त्याच्याखाली कागद सारायचो, एक पत्रा दाबून बघायचो, पुन्हा कागद. किती आणि कुठे, ते फक्त मला ठाऊक. मॅनेजरसुद्धा लांबून विचारायचा, "इनागाकीसान, अजून किती वेळ?" मी पुढचा कागद सारायचो.

मग होरिबे आला. सव्वीस वर्षांचा इंजिनियर, गळ्यात स्टॉपवॉच. म्हणाला, दहा मिनिटांत डाय बदलायचा.

"दहा मिनिटांत माझी एक सिगरेट होते, साहेब," मी म्हणालो. सगळे खो खो हसले.

पण कार्टं चिवट निघालं. प्रेस चालू असतानाच पुढचा डाय ट्रॉलीवर तयार ठेवायला लावला, बोल्ट अर्ध्या फेऱ्यात आवळतील असे केले, सगळ्या डायची उंची एकसारखी करून घेतली. "आता कागद लागणार नाहीत," म्हणाला. मग मला विचारलं, "की अजून काही राहिलंय, इनागाकीसान?"

"मी अडाणी माणूस. तुम्ही मोजलंय ना सगळं?"

त्याने डाय मोजले होते. पण डाय ज्यावर बसतो ते प्रेसचं बेड मागच्या डाव्या कोपऱ्यात झिजलं होतं, ते मोजायचं त्याला सुचलं नव्हतं. मी ते सांगितलं असतं तर माझी गरजच संपली असती.

दोन चाचण्या फसल्या. तिसरीच्या आधी मॅनेजरने सांगून टाकलं, आज जमलं नाही तर होरिबेने परत ड्रॉइंग ऑफिसात जायचं आणि डाय पूर्वीसारखे इनागाकीनेच बसवायचे. मी हाताची घडी घालून उभा राहिलो.

सहाव्या मिनिटाला डाय बसला. सातव्याला बोल्ट आवळून झाले. आठव्याला मोटारीच्या दरवाजाचा पहिला पत्रा बाहेर आला, कोपऱ्यात फाटलेला. दुसराही फाटला. "नऊ!" कोणीतरी ओरडलं. एक पाऊल आपोआप पुढे पडलं, ते मी मागे घेतलं. तिसरा पत्रा फाटला आणि होरिबेने घड्याळ थांबवलं.

मग त्याने टोपी काढली आणि चाळीस कामगारांसमोर कमरेत वाकला. "तुम्ही सगळे राबलात. माझं मोजमाप चुकलं. मला माफ करा."

तो वर उठेचना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उठा हो!" मी ओरडलो. "चूक तुमची नाही. बेड झिजलंय. मागचा डावा कोपरा, चार कागद. नऊ वर्षं घालतोय मी, आणि मुद्दाम बोललो नाही."

मॅनेजर लालबुंद झाला. होरिबेने एवढंच विचारलं, "किती जाडीचे कागद?"

दुपारपर्यंत त्या कोपऱ्यात पोलादाची पातळ पट्टी कायमची बसली. चार वाजता डाय आठ मिनिटं चाळीस सेकंदांत बदलला, पहिलाच पत्रा साफ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सोमवारी सकाळी हातमोजे चढवून मी तीन नंबरपाशी गेलो. पोरं डाय बदलत होती, ट्रॉली मागे घेत होती.

"इनागाकीसान, जरा बाजूला होता का?" त्यांच्यातला एक म्हणाला, अगदी आदराने.

मी बाजूला झालो.