कवळी बसेपर्यंत

दात गेल्याचं वहिनीला फारसं दुःख झालं नाही. दुःख झालं ते तोंड मिटून बसावं लागलं त्याचं. सगळं आयुष्य गिऱ्हाइकांशी वाद घालण्यात आणि ओठांत टाचण्या धरूनही टोमणे मारण्यात गेलेलं. उरलेसुरले हलते दात एकदाचे काढून झाले, आणि हिरड्या भरून कवळी मिळेपर्यंत तिने तोंडावर मास्क चढवला. पँटची उंची कमी करायला, चेन बदलायला येणाऱ्या प्रत्येकाला ती "सर्दी झालीय" म्हणून सांगू लागली. बोळक्या तोंडातून तेवढा शब्दही धड निघेना. सर्दी इतकी लांबली की समोरचा इस्त्रीवाला म्हणाला, "बाई, डॉक्टर बदला आता."

तिला वहिनी म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, ते म्हणजे तिची नणंद. साठी उलटलेली, दारातून येताना मान वाकवावी लागेल एवढी उंच बाई, पण घरात तिचं नाव चिंगी पडलं ते पडलंच. सगळी नोकरी तिने इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काढली, तीही मऊ जेवणाच्या टेबलावर. ज्यांना चावता येत नाही, गिळता येत नाही, अशांचं जेवण वाटून, गाळून, घोटून देण्यात. वहिनीचे दात काढणार हे कळल्यावर ती दोन पिशव्या घेऊन दारात उभी राहिली.

"कवळी बसेपर्यंत राहते. मग जाईन."

"जाण्याचं आधी सांगते आणि मग चप्पल काढते. बस तरी," वहिनी म्हणाली होती.

चिंगीचं येणं नेहमी असंच. घरात कोणी आडवं झालं की चिंगी आली, उठून बसलं की चिंगी गेली. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात आली, मावशीच्या मोडलेल्या मांडीसाठी आली, आणि वहिनीचा नवरा, म्हणजे तिचा दादा, अंथरुणाला खिळला तेव्हाही आली. तो काही उठला नाही. चिंगी तरीही गेलीच. मध्ये तिचं राहणं कधी इस्पितळाच्या क्वार्टरमध्ये, कधी भाड्याच्या खोलीत. तिची खोली नेहमी दुसऱ्या कुणाची तरी असायची.

आल्या आल्या तिने फ्रीजर उघडला. आत बर्फाची गुहा झाली होती आणि गुहेच्या तोंडाशी मटाराचं एक जुनं पाकीट.

"हे काय जपून ठेवलंयस? वारसाहक्कात द्यायचंय का कुणाला?"

तिने बर्फ वितळवला, गुहा पुसून काढली आणि बाजारातून फळं आणली. साल काळवंडलेली केळी, जी लोक घेत नाहीत. पपई, आंबे, पेरू, पालकाची जुडी, खजूर. वहिनीला वाटलं, आता रोज सकाळी मिक्सरची घरघर आणि ओट्याभर सालं. पण चिंगीचं गणित वेगळं होतं. रविवारच्या दुपारी सगळं एकदाच चिरायचं, प्रत्येक पिशवीत एका सकाळपुरतं भरायचं आणि फ्रीजरमध्ये टाकायचं. सकाळी पिशवी फोडायची, दही किंवा दूध घालायचं, मिक्सर फिरवायचा. संपलं काम.

"कुणी आजारी पडलं की सकाळ फार वाईट असते," ती म्हणाली. "तेव्हा डोकं चालत नाही. म्हणून बरं असताना कापून ठेवायचं."

पहिल्या रविवारी वहिनीने मदत करायचा आग्रह धरला. पालक धुतला, केळ्यांचे काप केले, आणि पाणी ठिबकत असतानाच सगळं एका मोठ्या पिशवीत कोंबून आत टाकलं. दुसऱ्या दिवशी पिशवीतून दगड निघाला. बत्त्याने फुटेना. चिंगीने तो ओट्यावर आपटला तेव्हा खालच्या मजल्यावरच्याने वर येऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना?"

"वहिनी, असं लगेच एकत्र नाही घालायचं ग. आधी ताटात पसरायचं, एकाला दुसरं लागू द्यायचं नाही. एकेक तुकडा सुटा सुटा कडक झाला की मग घाल पिशवीत. मग कितीही दिवस शेजारी राहू देत, चिकटत नाहीत."

वहिनीने ऐकून घेतलं. लग्न होऊन आली तेव्हा ह्या नणंदेबरोबर तिला एकाच कपाटात कपडे ठेवावे लागले होते. वर्षभरात त्या कपाटाचाही दगड झाला होता. कुणाची ओढणी कुणी घेतली, कुणाच्या घडीवर कुणी घडी ठेवली, यावरून बोलणं बंद व्हायचं. पुढे चिंगीला नोकरी लागली, क्वार्टर मिळालं आणि दोघींचं बरं जमू लागलं. तेव्हा त्याचं कारण कुणी शोधलं नाही.

मग वहिनी नुसती बघायला बसू लागली. चिंगी पालकाचं एकेक पान फडक्यात टिपायची, पेरू अर्धा करून चमच्याने बिया कोरून काढायची, पिशवीतली हवा तळहाताने दाबून घालवायची. पिशव्या चपट्या, एकीवर एक, शर्टांच्या घड्या लावाव्यात तशा. वहिनीच्या शिंपी डोळ्याला ते बघून फार बरं वाटायचं. सकाळी पेला हातात यायचा, कधी हिरवा, कधी केशरी, कधी कुठलाच रंग नाही असा. ती नाक मुरडून प्यायची आणि पेल्याच्या तळाशी बोट फिरवून चाटायची. चिंगी पाठ करून उभी असे, म्हणून.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा संध्याकाळी तिच्या मशीनजवळ दुसरं कुणी बसू लागलं होतं. फार बोलायच्या असंही नाही. चिंगी शब्दकोडं सोडवायची आणि अडलं की विचारायची, वहिनी उत्तर चुकीचं द्यायची आणि ठासून द्यायची.

कवळी तयार झाली तेव्हा चिंगीही दवाखान्यात सोबत आली. बाहेर बाकावर बसल्या असताना तिचा फोन वाजला. मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई हवी होती. राहायला खोली, वरची कामं नाहीत. मध्ये एकदा तिने याबद्दल सांगितलं होतं, पण वहिनीने ते कानाआड केलं होतं.

"हो, सोमवारी दुपारपर्यंत नक्की कळवते," चिंगी फोनवर म्हणत होती. "आमच्या वहिनीचे दात बसले की मी मोकळीच आहे."

आत खुर्चीवर बसवून दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली. लेकीच्या वयाची गोड मुलगी. "चावून बघा. कशी वाटतेय?"

कवळी बेतून शिवल्यासारखी बसली होती. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही. वहिनीने आरशात पाहिलं, आणि आरशात आपल्या दातांच्या मागे, दाराशी, दोन्ही हातांत पर्स धरून ताटकळत उभी असलेली चिंगी दिसली.

"इथे जरा काचतंय," वहिनी म्हणाली.

"नक्की कुठे?"

"इथे. म्हणजे, ह्या अंगाला."

हे वाक्य तिने उभ्या आयुष्यात हजारदा ऐकलं होतं. एक पेन्शनर गृहस्थ तर तीच पँट घेऊन परत परत यायचे, कंबरेत काचते म्हणून. पँटमध्ये काही दोष नव्हता. घरी बोलायला कुणी नव्हतं. वहिनी एक टाका उसवायची, तोच परत घालायची आणि गप्पा मारायची. त्या वेळी तिला त्यांची कीव आली होती. आता खुर्चीत आ वासून बसल्यावर तिला आपली स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंनी कवळी जरा घासल्यासारखी केली. "सुरुवातीला होतं असं. रोज थोडा थोडा वेळ घालत जा."

घरी येऊन कवळी पाण्याच्या वाटीत गेली. "दुखतंय बाई," वहिनी म्हणाली. चिंगीने पिशवी उचलली आणि ती फळं आणायला गेली.

खोट्याचा एक त्रास असतो. पोटाला ते कळत नाही. इतक्या दिवसांच्या पातळ जेवणानंतर वहिनीला काहीतरी कचकचून चावायची अशी हुक्की आली की शनिवारी चिंगी खाली दही आणायला गेल्याबरोबर तिने कवळी चढवली, फ्रीजमधला एक पिकला पेरू काढला आणि दाढेकडून कचकन तोडला. अहाहा! दुसरा घास घेणार तोच एक बी कवळीखाली शिरली आणि हिरडीत अशी रुतली की डोळ्यांतून पाणी आलं. आता खरंच काचत होतं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पेरू खालच्या खणात, तोडलेली बाजू खाली करून. कवळी वाटीत. वहिनी मशीनपाशी.

"डोळे का ओले?"

"दोरा ओवत होते."

रविवारी दुपारी चिंगीने चिरायला सगळी फळं ओट्यावर काढली. वहिनीला आठवलं तोवर उशीर झाला होता. मशीनवरूनच दारातून दिसलं, तो पेरू चिंगीच्या हातात होता. तिने तो उजेडात धरला, फिरवला. दातांची खूण अर्धगोल, मशीनच्या टिपेसारखी एकसारखी. घरात माणसं दोन. त्यातल्या एकीला पेरू खायचा असता तर तिने तो सरळ ओट्यापाशी उभं राहून खाल्ला असता.

वहिनी पाय पॅडलवर तसाच ठेवून वाट बघत राहिली. आता म्हणेल. आता विचारेल.

चिंगीने पेरू फळीवर ठेवला, अर्धा केला, बिया कोरल्या. तोडलेल्या कडेची लालसर फोडही तिने फेकली नाही, बारीक चिरून बाकीच्यांबरोबर ताटात पसरली. मग दुसरा पेरू घेतला.

विचारलं असतं तर वहिनीने दोन टोमणे मारून वेळ निभावली असती. न विचारल्यामुळे तिला शिवणही सुचेना. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय तिने दुसऱ्यापेक्षा बोटभर आखूड करून ठेवला.

सोमवारी सकाळी पेला समोर आला. पेरूचाच होता. वहिनीने तो ओठांशी नेला आणि परत खाली ठेवला.

"चिंगे, कवळी बसलीय."

"हं."

"पहिल्या दिवसापासून बसलीय."

"माहितीय. पेरूवर सही केलीस की."

"मग बोलली का नाहीस?"

"दात तुझे. सांगायचं तर तू सांगशील, असं म्हटलं."

"तू गेली असतीस."

"गेलेच असते. बोलले होते तसं."

"म्हणून तर काचत होती."

वाटलं होतं, हसेल. चिंगी हसली नाही. फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं आणि पहिल्यांदाच, काहीच हातात नसताना, वहिनीसमोर खुर्ची ओढून बसली.

"वहिनी, मला आजवर ज्यांनी ज्यांनी ठेवून घेतलं ना, ते काहीतरी दुखतंय म्हणून. आई, मावशी, दादा. दुखणं सरलं की माझी पिशवी दारात. कुणी ठेवली नाही हं, मीच ठेवायचे. पण उचलून कुणी आतही नेली नाही. आता तू तर खोटंच दुखणं काढलंस. तुला ग दुसरं काही सुचलं नाही?"

वहिनीला तो दिवस आठवला. दादाचं सगळं आटोपल्यावर चिंगी अशीच पिशवी घेऊन उभी होती, जरा जास्तच वेळ. वहिनीच्या मनात शब्द होता. पण वाटलं, हिची नोकरी आहे, हिचं आयुष्य आहे, आणि आपण कोण अडवणार. तोंडातून निघालं ते एवढंच, "पोचलीस की फोन कर."

ती उठली. वाटीतली कवळी धुतली, बसवली, आणि परत येऊन समोर उभी राहिली. बसून बोलावंसं वाटेना.

"मला काही दुखत नाही. गुडघा जरासा, पण तो तू यायच्या आधीपासून. माझं शिवण चालतंय, खाणं चालतंय. मला तुझी काही गरज नाही, चिंगे."

सुरुवात चुकली हे तिचं तिलाच कळलं. पण उसवून परत घालायला वेळ नव्हता.

"राहा."

"गरज नाही तर राहू कशाला?"

"गरज असती तर बाई ठेवली असती."

चिंगीने फोन उचलला, ती गॅलरीत गेली आणि मागे काचेचं दार ओढून घेतलं. वहिनीला ऐकू काहीच येईना. नुसती पाठ दिसत होती, आणि मोकळा हात, जो बोलताना कठड्यावरची धूळ पुसत होता. सांगतेय की ऐकतेय, नकार की होकार, पाठीवरून काही कळत नाही. वहिनीने पेला उचलून खाली ठेवला, परत उचलला.

चिंगी आत आली. "वाईट वाटलं त्यांना. खोली चांगली होती म्हणे, पूर्वेची."

"ह्या घरात पूर्व नाही," वहिनी घाईघाईने म्हणाली. "पण मागची खोली—"

"ती कापडांच्या गाठोड्यांची? ती रिकामी कर. अर्धी नाही, पूर्ण. मी कुणाच्या कपाटात राहणार नाही."

"एवढी कापडं ठेवू कुठे मी?"

"ते तू बघ. आणि अजून एक. ह्या घरात मी आता कुणाच्या पथ्याची बाई नाही. उद्या सकाळचं तू करायचंस. दोघींचं."

वहिनीने तोंड उघडलं, गाठोड्यांच्या वतीने बरंच बोलायचं होतं. मग मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंगी अंथरुणातच पडून राहिली. जागी होती, हे मधूनमधून पान उलटल्याच्या आवाजावरून कळत होतं. वहिनी ओट्यापाशी उभी. पिशवी मिक्सरच्या भांड्यात उलटी केली, तुकडे खडखडत आत पडले.

"दही किती घालू ग?"

"बघ की अंदाजाने. नवे दात आलेत, अक्कलदाढही आली असेल."

वहिनीने अंदाजाने घातलं, आणि अंदाज शिंपिणीचा असल्यामुळे काटकसरीने घातलं. मिक्सर दोनदा कण्हला, एकदा थांबला. पेल्यात पडलं ते इतकं घट्ट होतं की चमचा उभा राहिला. मध्ये मध्ये आंब्याचे न फिरलेले खडे. तिने दोन्ही पेले नेले, एक चिंगीच्या हातात दिला आणि अंथरुणाच्या कडेला टेकली.

चिंगीने पेला तिरका केला. काही हललं नाही. मग तिने चमचा घेतला, एक घास तोंडात घातला आणि बराच वेळ जबडा हलवत राहिली.

"हे चावून खावं लागतंय, वहिनी."

"मग खा की चावून," वहिनी म्हणाली. "तुझे तर अजून स्वतःचे आहेत."