करियाच्या मानेवरचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. चामड्याचा नव्हे, लुगड्याच्या काठाचा. उदगीरच्या मलप्पांच्या घरात लिंगपूजा चाले, तिथं चामडं उंबऱ्याच्या आत येत नसे. म्हणून त्यांच्या बायकोनं, गुरम्मानं, जुन्या लुगड्याचे काठ तिपेडी विणून मला घडवलं आणि एका काळ्या पिल्लाच्या गळ्यात बांधलं. त्याचं नाव करिया.

गुरम्माची शिकवण हळुवार होती. पूजा आटोपली की ती ओसरीवर बसून म्हणे, "बा, करिया." घरात कानडीही बोलत, बा म्हणजे ये. तो आला की लगेच भाकरीचा तुकडा, आणि माझ्याखाली बोटं घालून खाजवणं. नाही आला तर रागावणं नाही, हात उगारणं नाही. थोडं थांबून ती पुन्हा बोलावी. सोमवारी तिचा उपास, चूल पेटत नसे. पण त्याची चतकोर ती आदल्या दिवशीच झाकून ठेवी. बसणं, थांबणं, पूजेच्या वेळी दाराबाहेर राहणं, सगळं तो असंच शिकला.

शेजारची दानम्मा हसे. "गुरम्मा, कुत्र्याला बी सोमवार धरायला लावतीस का काय?"

"धरतोय की. माझी पूजा होईस्तोवर मुकाट बसतोय. तुझं तोंड कवा थांबलंय?"

पुढे लातूर नवा जिल्हा झाला आणि मलप्पांनी तिथं डाळीचं गोदाम घेतलं. पावसानं दगा दिला होता, चोऱ्या वाढल्या होत्या. ते करियाला राखणीला घेऊन गेले. तिथल्या राखणदाराला, व्यंकटीला म्हणाले, "लई लाडावलंय. जरा कडक कर."

एकदा फाटक उघडं राहिलं आणि करिया रस्त्यावर गेला. व्यंकटीनं गुरम्माचेच शब्द वापरले, "बा, करिया." करिया शेपूट हलवत आला, आणि पाठीत काठी बसली. व्यंकटीला वाटलं, पळाल्याची शिक्षा दिली. मी गळ्याशी होतो म्हणून मला कळलं, करियानं वेगळंच मनात धरलं होतं. बोलावल्यावर गेलं की मार बसतो. मग कुणी हाक दिली की तो मागं सरे, आणि मागं सरला म्हणून आणखी मार. भीतीनं त्याचं खाणंही तुटलं. शेवटी एका हमालावर तो धावून गेला.

मलप्पांनी घरी निरोप धाडला. "कुत्रं बिघडलं. अमावास्येला औशाच्या माळावर सोडून देतो."

त्या दुष्काळात माळावर ना पाणी होतं, ना उष्टं. गुरम्मा एस.टी.नं लातूरला आली.

"अमुशापतोर माझ्या हवाली करा," ती म्हणाली.

"काठीनं सुधरलं न्हाई, ते भाकरीनं सुधरंल व्हय?"

"काठीनंच बिघडलंय, आवं."

तिनं हाक मारलीच नाही. त्याच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायची, तुकडा लांब टाकायची, आणि ओठातल्या ओठात जप करत राहायची. रोज तुकडा थोडा जवळ पडे. एका सकाळी त्यानं तो तिच्या तळहातावरून उचलला. तिची बोटं माझ्याखाली आली. मान थरथरली, पण मागं सरली नाही.

अमावास्येच्या सकाळी मलप्पा आले तेव्हा करिया तिच्या हातातून खात होता. त्यांना खरंच बरं वाटलं. "आला की हाताला. चल रे, घरी नेतो तुला," म्हणत त्यांनी मागून मला घट्ट धरलं.

करियानं अंग मागं ओढलं. उपासमारीनं मान बारीक झाली होती. मी त्याच्या कानांवरून निसटलो आणि मलप्पांच्या मुठीत राहिलो. तो उघड्या फाटकातून पळून गेला.

गुरम्मा उठली, तिचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. हाक दिली असती तर तो आणखी लांब पळाला असता. कितीतरी दिवस ती फाटकाशी पाण्याची परात ठेवत होती. तो आला नाही.

आता मी गोदामातल्या खिळ्याला आहे. मित्रांनो, तुमच्या दारी एखादं मुकं जनावर असेल. ते किती का चुकलेलं असेना, तुम्ही बोलावलंत आणि ते आलं, तर त्याला जवळ घ्या. आलेल्याला मारू नका. मार खाल्लेली मान मी फार जवळून पाहिली आहे. मायेचा हात आला तरी ती आधी आकसते.